दोन्ही बाजूंनी दोन हात: शिए सू-वेईचा खेळ नेमका कशामुळे चालतो?

कर्वेनगरचा पालक

नमस्कार. माझी मुलगी बारा वर्षांची आहे आणि ती फोरहँड व बॅकहँड हे दोन्ही फटके दोन हातांनी मारते. लहानपणी रॅकेट जड वाटायची म्हणून तिला ही सवय लागली, आणि पुढे रॅकेट पेलू लागली तरी सवय काही सुटली नाही. ही सवय आत्ताच मोडली नाही तर चौदा वर्षांखालील गटात तिचा निभाव लागणार नाही, असे तिच्या प्रशिक्षकांचे स्पष्ट मत आहे. त्यांच्या म्हणण्यात तथ्य असणारच. परंतु गेले काही महिने आम्ही बापलेक तैवानच्या शिए सू-वेईचे जुने सामने पाहत आहोत आणि त्यातून जो प्रश्न मनात उभा राहिला आहे, तो माझ्या मुलीइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, शिएविषयी आहे.

ही खेळाडू दोन्ही बाजूंनी दोन हात वापरते. तिची सर्व्हिस आजच्या मानाने अगदी सौम्य आहे, अंगकाठी बेताची आहे आणि तिच्या फटक्याचा आवाजसुद्धा इतरांसारखा येत नाही. तरीही २०१८च्या विम्बल्डनमध्ये तिसऱ्या फेरीत तिने क्रमवारीत पहिल्या असलेल्या सिमोना हालेपला ३-६, ६-४, ७-५ असे हरवले. हालेप महिन्याभरापूर्वीच फ्रेंच ओपन जिंकून आलेली होती, त्या सामन्यात शेवटच्या सेटमध्ये ५-२ अशी पुढे होती आणि तिला मॅच पॉइंटही मिळाला होता. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये शिएने गार्बिन्ये मुगुरुसाला घरी पाठवले आणि २०१९च्या मार्चमध्ये मायामीत तेव्हाची पहिल्या क्रमांकाची खेळाडू नाओमी ओसाका हिला पहिला सेट गमावल्यानंतर हरवले. २०२१मध्ये, वयाच्या ३५व्या वर्षी, ती ऑस्ट्रेलियन ओपनच्या एकेरीत उपांत्यपूर्व फेरीत पोहोचली आणि ग्रँड स्लॅममधली ही तिची पहिलीच उपांत्यपूर्व फेरी होती.

समालोचक तिच्या फटक्यांना जादू म्हणतात आणि पुढच्या गुणाकडे वळतात. माझे तेवढ्याने समाधान होत नाही. इतक्या बलाढ्य खेळाडूंचे नेमके काय बिघडते आणि ते हिच्याच समोर का बिघडते, हे ज्यांनी खेळ शिकवला आहे किंवा जवळून पाहिला आहे, त्यांनी कृपया उलगडून सांगावे.

बेसलाइनवरून

मी पुण्यात बरीच वर्षे मुलामुलींना टेनिस शिकवतो, त्यामुळे शिकवणाऱ्याच्या नजरेने उत्तर देतो.

पहिली गोष्ट, समोरच्या खेळाडूला तिचा फटका आधी वाचता येत नाही. एका हाताने फोरहँड मारणारी खेळाडू रॅकेट मागे नेते तेव्हा तिचा खांदा, कोपर आणि रॅकेटचे तोंड यांवरून चेंडू क्रॉस म्हणजे तिरका जाणार की लाइनच्या दिशेने म्हणजे कडेने सरळ जाणार, याचा अंदाज मुरलेल्या प्रतिस्पर्ध्याला येतो. तो अंदाज आला की पाय आपोआप त्या दिशेला निघतात. शिएचा बॅकस्विंग, म्हणजे रॅकेट मागे नेण्याची हालचाल, फार छोटा आहे आणि दोन्ही हात दांड्यावर असल्यामुळे खांदे दोन्ही बाजूंना सारखेच वळतात. चेंडू रॅकेटवर येईपर्यंत क्रॉस, लाइन, लॉब (डोक्यावरून उंच) आणि ड्रॉप (जाळीपलीकडे जेमतेम टाकलेला) या चारही फटक्यांची तयारी एकसारखी दिसते आणि शेवटच्या क्षणी मनगटांनी दिशा ठरते. आपण पाहत असलेल्या सामन्यांत एकदा चेंडूवरची नजर काढून फक्त हालेपच्या किंवा ओसाकाच्या पायांकडे पाहा. एरवी ज्यांची पावले फटका बसण्याआधीच योग्य दिशेला पडतात, त्या खेळाडू इथे थांबतात आणि मग उशिरा पळतात. शिएच्या विजयाचा अर्धा उलगडा त्या थांबण्यात आहे.

दुसरी गोष्ट वेळेची. ती बेसलाइनला, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेला, चिकटून किंवा तिच्या आत उभी राहते आणि टप्पा पडून चेंडू वर चढत असतानाच घेते. कोर्टाची लांबी २३.७७ मीटर असते. प्रतिस्पर्धी बेसलाइनच्या दोन मीटर मागून खेळत असताना शिए तेवढेच अंतर पुढे उभी असेल, तर चेंडू तिच्याकडे लवकर येतो आणि परत जातानाही लवकर पोहोचतो. येता-जाता मिळून सेकंदाचा दशांश जरी वाचला तरी या पातळीवर तो पुष्कळ आहे. म्हणूनच तिचा चेंडू संथ असूनही समोरची खेळाडू धापा टाकताना दिसते. चढता चेंडू घ्यायला छोटा स्विंग लागतो आणि रॅकेट स्थिर लागते. या दोन्ही बाबतींत दुसऱ्या हाताची मोठी मदत होते.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण मुलांना ती समजावून देणे सर्वांत कठीण जाते. आजचा जोरकस फोरहँड समोरून येणाऱ्या वेगावर पोसलेला असतो. कमरेच्या किंवा खांद्याच्या उंचीवर वेगाने येणारा चेंडू तितक्याच वेगाने परत करायचा, याचा सराव खेळाडूंनी हजारो वेळा केलेला असतो. शिए हा खुराकच बंद करते. तिचा स्लाइस, म्हणजे चेंडूखालून कापत मारलेला फटका, टप्पा पडल्यावर उसळत नाही, गुडघ्याच्या आसपास राहतो आणि त्याला स्वतःचा वेग जवळजवळ नसतो. जाळीची उंची मध्यभागी ०.९१४ मीटर असते. चेंडू त्याहून खाली असेल तर तो आधी उचलावा लागतो, आणि उचललेला चेंडू जोरात मारला की लांब जातो. हळू मारला तर तो शिएला कोर्टाच्या आत, हव्या त्या कोनात मारायला मिळतो. आकडेवारीत प्रतिस्पर्ध्याच्या नावावर ज्या चुका लागतात, त्यांतल्या कितीतरी चुका तिने आधीच्या दोन-तीन फटक्यांत घडवून आणलेल्या असतात. पुढचा चेंडू तसाच येत नाही, ही तिची आणखी एक खोड: एक स्लाइस, मग सपाट खोल फटका, मग अचानक जाळीजवळ ड्रॉप. त्यामुळे प्रतिस्पर्ध्याला लय म्हणून सापडतच नाही.

दोन हातांचा फोरहँड म्हणजे दुबळा फोरहँड, हा समज मात्र काढून टाकावा. मोनिका सेलेसने दोन्ही बाजूंनी दोन हात वापरून एकेरीची नऊ ग्रँड स्लॅम विजेतेपदे मिळवली आणि तिच्या काळात तिच्याइतका कडक फटका फार थोड्या जणींचा होता. २०१३चे विम्बल्डन तर मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. त्या वर्षी एकेरीत जिंकलेली मारिओन बार्तोली दोन्ही बाजूंनी दोन हातांनी खेळणारी होती, आणि दुहेरी जिंकलेल्या शिए आणि पेंग श्वाय या दोघीही तशाच खेळणाऱ्या. एकाच स्पर्धेत महिलांच्या एकेरीचा आणि दुहेरीचा चषक अशा पकडीने खेळणाऱ्यांकडे गेला, आणि तरीही ही पकड मुलांना शिकवू नये असे आपण ठामपणे सांगत राहतो.

बालेवाडीचा जुना प्रेक्षक

वरील उत्तर उत्तम आहे. त्याला पुण्यातल्याच काही आठवणींची जोड देतो, कारण वेग न देता वेगवान खेळाडूला हरवणे म्हणजे काय, हे आपल्याकडे बालेवाडीत बसून पाहायला मिळालेले आहे.

चेन्नईची एटीपी (पुरुषांची व्यावसायिक) स्पर्धा २०१८मध्ये पुण्यात आली आणि त्या पहिल्याच वर्षी अंतिम सामना फ्रान्सचा जिल सिमोन आणि दक्षिण आफ्रिकेचा केविन अँडरसन यांच्यात झाला. अँडरसन दोन मीटरहून उंच, काही महिन्यांपूर्वीच अमेरिकन ओपनच्या अंतिम फेरीत खेळलेला, आणि त्याची सर्व्हिस प्रेक्षकांना दिसण्याआधी ऐकू यायची. सिमोन त्याच्यासमोर अगदी किरकोळ वाटत होता. त्याने तो सामना ७-६, ६-२ असा जिंकला. त्याच्या आदल्या फेरीत मारिन चिलिचलाही त्याने पहिला सेट १-६ असा गमावल्यानंतर हरवले होते. सिमोनची पकड शिएसारखी नाही, त्याचा फोरहँड एका हाताचा आहे. तरीही समोरच्याचा वेग उसना घ्यायचा, आपला काहीच द्यायचा नाही आणि दर चेंडू खोल ठेवून त्यालाच जोर लावायला भाग पाडायचे, हे सूत्र तेच होते. पुढच्या वर्षी त्याच कोर्टवर अँडरसन आणि इव्हो कार्लोविच यांचा अंतिम सामना झाला आणि तिन्ही सेट टायब्रेकमध्ये गेले. दोन्ही सामने ज्यांनी पाहिले त्यांना टेनिस किती वेगवेगळ्या तऱ्हांनी खेळता येते ते निराळे सांगायला नको.

त्याआधीची, २०१२च्या नोव्हेंबरमधली महिलांची स्पर्धाही अनेकांना आठवत असेल. जपानची किमिको दाते-क्रुम तेव्हा ४२ वर्षांची होती आणि ती इथे अंतिम फेरीपर्यंत पोहोचली. तिला हरवणारी मुलगी होती १८ वर्षांची एलिना स्वितोलिना. किमिकोचा सपाट फटका, रॅकेट जेमतेम मागे नेण्याची पद्धत आणि चेंडू जमिनीवरून उठतो न उठतो तोच घेण्याची घाई ज्यांनी पाहिली, त्यांना शिएचा खेळ अगदीच परका वाटणार नाही. पंचवीस वर्षांची असताना ही बाई जगात चौथी होती आणि मध्ये बारा वर्षे स्पर्धांपासून दूर राहून परत आली, तरी तोच खेळ तिला पुरला. माझ्या मते अशा खेळाचा हा मोठा गुण आहे. जो खेळ ताकदीवर उभा नाही, तो वयाबरोबर लवकर उतरत नाही.

आणि या चर्चेत आपल्या रमेश कृष्णनचे नाव आलेच पाहिजे. त्याची सर्व्हिस इतकी हळू असे की नवख्या माणसाला त्याची काळजी वाटावी. पण १९८९च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये त्याने जगात पहिला असलेल्या मॅट्स विलँडरला हरवले. त्याआधी १९८७मध्ये सिडनीत डेव्हिस करंडकाच्या उपांत्य लढतीत ऑस्ट्रेलियाविरुद्धचा निर्णायक सामना त्यानेच जिंकून भारताला अंतिम फेरीत नेले, आणि तेही गवतावर. त्याच्यासारख्या खेळाला आपल्याकडे नाजूक म्हणायची पद्धत आहे, पण मला तो शब्द पटत नाही. समोरच्याला चुकायला लावण्यासाठी त्याच ठिकाणी, त्याच उंचीवर, चौथ्या तासालाही चेंडू ठेवता येणे हे कणखर माणसाचेच काम आहे.

कर्वेनगरचा पालक

दोघांचेही मनःपूर्वक आभार. काल रात्री आम्ही मुद्दाम हालेपच्या पायांकडे पाहत सामना पुन्हा पाहिला आणि मुलीने माझ्याआधी तो थबकण्याचा क्षण ओळखला.

आता एक शंका विचारतो. हा खेळ इतका अवघड जात असेल, तर शिए एकेरीत २३व्या क्रमांकाच्या पुढे का गेली नाही? एकेरीत डब्ल्यूटीए (महिलांच्या व्यावसायिक टेनिसच्या) पातळीवरची तिची विजेतेपदे तीनच आहेत. २०१९च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये तर ती ओसाकाविरुद्ध ७-५, ४-१ अशी पुढे असूनही ७-५, ४-६, १-६ अशी हरली आणि ओसाकाने पुढे ती स्पर्धाच जिंकली. म्हणजे तिच्या खेळावर उतारा आहे तर. तो कोणता?

दुहेरीचा चाहता

उताऱ्याविषयी प्रशिक्षक सांगतीलच. मला एवढेच सुचवायचे आहे की, शिएची मोजदाद केवळ एकेरीवर करू नये. दुहेरीत ती २०१४मध्ये जगात पहिल्या क्रमांकावर पोहोचली आणि तिथवर गेलेली ती पहिली तैवानी खेळाडू ठरली. महिला दुहेरीची सात ग्रँड स्लॅम विजेतेपदे तिच्या नावावर आहेत आणि ती पेंग श्वाय, बार्बोरा स्ट्रिचोवा, एलिझ मेर्टेन्स आणि वांग शिन्यू अशा चार वेगवेगळ्या जोडीदारांबरोबर मिळवलेली आहेत. सातांपैकी चार विम्बल्डनची आहेत, म्हणजे चेंडू मुळातच कमी उसळणाऱ्या गवतावरची. २०२१च्या उत्तरार्धात ती दुखापतींमुळे थांबली, २०२३च्या एप्रिलमध्ये परतली आणि लगेच त्याच वर्षी फ्रेंच ओपन व विम्बल्डन या दोन्ही स्पर्धांत दुहेरी जिंकली. २०२४मध्ये यान झिएलिन्स्कीबरोबर तिने ऑस्ट्रेलियन ओपनची आणि विम्बल्डनची मिश्र दुहेरीही जिंकली, तेव्हा ती ३८ वर्षांची होती.

दुहेरीत तिचे उणे झाकले जाते आणि गुण दुप्पट होतात, हे त्यामागचे कारण आहे. दोन हातांच्या फोरहँडचा आवाका कमी असतो. पण दुहेरीत तिला सबंध कोर्ट सांभाळायचे नसते. कोर्टाची रुंदी ८.२३ मीटरवरून १०.९७ मीटर होते, त्यामुळे तिचे तिरके फटके आणखी तिरके जाऊ शकतात. जाळीपाशी उभ्या असलेल्या प्रतिस्पर्धी खेळाडूला तर शिएचा फटका शेवटपर्यंत न कळणे फारच महागात पडते, कारण तिच्याकडे विचार करायला वेळच नसतो. ती डावीकडे झुकली की लाइनच्या कडेने चेंडू जातो, जागेवर थांबली की डोक्यावरून लॉब जातो.

मात्र जोडीदार जुळावा लागतो. २०१४च्या हंगामअखेरच्या स्पर्धेत सिंगापूरला सानिया मिर्झा आणि कारा ब्लॅक यांनी शिए आणि पेंग यांचा ६-१, ६-० असा धुव्वा उडवला होता. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला सानिया आणि शिए काही स्पर्धा एकत्र खेळल्या, पण त्यांचे सूर जुळले नाहीत आणि मार्चपासून सानियाने मार्टिना हिंगिसची साथ धरली. मला यात दोघींपैकी कोणाचाच दोष दिसत नाही. सानियाचा फोरहँड एका घावात गुण संपवणारा. शिए मात्र गुण लांबवत नेऊन प्रतिस्पर्ध्याची जागा हलवते. गुण कधी संपवायचा याविषयी दोघींची मते वेगळी असतील, तर जाळीपाशी उभी असलेली जोडीदार कोणत्या चेंडूची वाट पाहणार?

बेसलाइनवरून

उताऱ्याचे सांगतो. ओसाकाने त्या दिवशी जे केले तेच सगळ्यांना करावे लागते. शिएला चेंडूपर्यंत पोहोचताना दोन्ही हात दांड्यावर ठेवायचे असतात, म्हणून बाजूला दूर गेलेल्या चेंडूसाठी तिला इतरांपेक्षा एक पाऊल जास्त टाकावे लागते. सर्व्हिस बाहेरच्या कोपऱ्यात टाकायची, पुढचा फटका दुसऱ्या कोपऱ्यात मारायचा आणि तिला सरळ उभी राहून मारू द्यायचे नाही. शिवाय तिची सर्व्हिस हळू असल्यामुळे दुसऱ्या सर्व्हिसवर कोर्टात शिरून हल्ला करता येतो. शिए रोज नवा डाव मांडते, पण स्वतःच्या सर्व्हिसवर सहज मिळणारे गुण तिला नसतात. प्रत्येक गेम तिला राबून जिंकावा लागतो. एका सामन्यात हे जमते. दोन आठवड्यांत सलग सात सामने असे जिंकणे फार कठीण. फाब्रिस सँतोरोचे असेच झाले. तोही दोन्ही बाजूंनी दोन हात वापरणारा. त्याने मरात साफिनसारख्या धिप्पाड विजेत्याला नऊपैकी सात वेळा हरवले, २००४मध्ये पॅरिसला आर्नो क्लेमाँविरुद्ध ६ तास ३३ मिनिटे खेळून शेवटचा सेट १६-१४ असा जिंकला, आणि तरीही त्याची सर्वोत्तम क्रमवारी १७च राहिली.

आता आपल्या मुलीविषयी. तिला प्रत्यक्ष न पाहता पकड बदला किंवा बदलू नका असे सांगणे योग्य होणार नाही. पण काय पाहावे ते सांगू शकतो. पुण्यात बहुतेक मुले आता हार्ड कोर्टवर वाढतात, आणि तिथे बारा-तेरा वर्षांच्या मुलींना खांद्याच्या वर उसळणारा चेंडू सर्वांत जास्त छळतो. ती तो चेंडू मागे सरकून घेते की पुढे येऊन चढता घेते, हे पाहा. पुढे येत असेल तर दोन हात तिला उपयोगी पडत आहेत. ती नेहमीच मागे सरकत असेल, तर तिच्या प्रशिक्षकांचा आग्रह रास्त आहे, कारण मागे उभे राहून दोन हातांनी खेळणाऱ्याला आवाका नसतो आणि वेळेचा फायदाही मिळत नाही.

पकड तीच ठेवायची असे ठरले, तर उजव्या बाजूला दूर गेलेल्या चेंडूसाठी एका हाताचा स्लाइस आणि बचावाचा लॉब आत्तापासून शिकवावा, व्हॉली (टप्पा पडण्याआधीच मारायचा फटका) एका हाताने पक्की करून घ्यावी आणि बाजूला पळण्याच्या सरावाला इतर मुलींपेक्षा जास्त वेळ द्यावा. तिच्या दांड्यावर गुंडाळलेली पट्टी, म्हणजे ओव्हरग्रिपही पाहून घ्या. नेहमीची ग्रिप खालच्या हातापुरतीच येत असेल तर वरचा हात सरकतो आणि फटका उशिरा बसतो. ती थोडी वरपर्यंत गुंडाळून घ्यावी. आपल्या प्रशिक्षकांशी बोलताना शिएचे सामने पुढे करण्यापेक्षा मुलीच्याच एखाद्या सामन्यात गमावलेले गुण कागदावर मांडून न्या. दूर गेलेला चेंडू, उंच चेंडू, सर्व्हिस आणि घाईने केलेली चूक असे चार रकाने पुरेत. डेक्कन जिमखान्यावर महिलांची आयटीएफ (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाची) स्पर्धा असेल तेव्हा तिला जरूर घेऊन जा आणि बेसलाइनच्या मागे बसा. बाजूच्या स्टँडमधून चेंडूची उंची कळत नाही.

कर्वेनगरचा पालक

चार रकान्यांची सूचना लगेच अमलात आणतो. रविवारी तिचा क्लबमधला सामना आहे, त्याचे गुण मांडून इथे लिहीन. ओव्हरग्रिप आत्ताच पाहिली. ती खालच्या हातापुरतीच आहे.